रोजचे शंभर किलोमीटर आणि दोर्दोन्यचे चढ

वाचकाचे पत्र: मी ५४ वर्षांचा असून नाशिकला राहतो. गेली सहा वर्षे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतो आणि २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरची मालिका दोनदा पूर्ण केली आहे. सौ. शाळेत शिक्षिका आहे. ती रविवारी गंगापूर धरणापर्यंत, म्हणजे जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर सायकल चालवते. आम्हा दोघांना फ्रान्समध्ये सायकलने फिरायचे आहे. शहरे नकोत, डोंगर, जंगल आणि खेडी हवीत. दिवाळीच्या सुट्टीत पॅरिसहून निघून तुलूझपर्यंत, रोज शंभरप्रमाणे आठ दिवसांत आठशे किलोमीटर, असा आराखडा केला आहे. सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? आम्ही शाकाहारी आहोत, त्याचे कसे होईल? आणि सौ.ला गाड्यांची भीती वाटते, त्यावर उपाय काय?
– एक वाचक, नाशिक

सप्रेम नमस्कार,

आपला आराखडा मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा रोजच्या शंभर किलोमीटरांपाशीच अडखळलो. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर उरकणाऱ्या माणसाला शंभर म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम वाटते, हे मी समजू शकतो. परंतु बीआरएममध्ये आपण एकटे असता, सामान जेमतेम असते, रस्ता आधीच ठरलेला असतो आणि वाटेत काहीही पाहायचे नसते. या सहलीत यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. शिवाय वहिनी (आपण त्यांना सौ. म्हटले आहे, मी वहिनी म्हणतो) आठवड्यातून एकदा तीस किलोमीटर चालवतात. त्यांना सलग आठ दिवस शंभर किलोमीटर न्यायचे, तर सहल कुठे मोडेल याचा अंदाज मी आजच सांगू शकतो. ती तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतरच्या पहिल्या चढावर मोडेल.

त्यातही पॅरिसपासून सुरुवात करण्यात काहीच हशील नाही. दक्षिणेकडे निघाल्यावर आधी उपनगरे लागतात आणि मग बोस प्रांतातली गव्हाची सपाट शेते. डोंगर, जंगल आणि खेडी यांसाठी आपण निघालात आणि पहिले दोन दिवस यांतले काहीच दिसले नाही, असे होईल. त्याऐवजी पॅरिसच्या ऑस्टरलित्झ स्थानकावरून थेट रेल्वेने नैऋत्य फ्रान्समधल्या ब्रीवला जावे, तिथून दोर्दोन्य आणि लॉत या दोन नद्यांच्या खोऱ्यांतून रमतगमत दक्षिणेला उतरावे आणि काओरला सायकल थांबवावी, असे मी सुचवेन. ब्रीव आणि काओर ही दोन्ही गावे पॅरिस-तुलूझ या एकाच जुन्या रेल्वेमार्गावर आहेत. या सोयीचा उपयोग पुढे भाड्याच्या सायकलीसाठीही होणार आहे. या मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलींसाठी मोजक्याच जागा असतात आणि त्या आधी आरक्षित कराव्या लागतात, त्यामुळे स्वतःच्या तिकिटाबरोबरच सायकलचेही तिकीट काढावे.

आता चढांविषयी. सह्याद्रीतला घाट एकदाच चढायचा असतो. कसारा चढला की इगतपुरी येते आणि पुढे आपण पठारावर असतो, म्हणजे कष्ट एकदाच आणि एकगठ्ठा. आपल्या मार्गावरच्या पेरिगोर आणि केर्सी या भागांत तसे नाही. तिथे चुनखडीचे पठार नद्या-ओढ्यांनी जागोजागी कापलेले आहे. गावे एक तर नदीकाठी वसलेली, नाही तर कड्यावर. त्यामुळे शंभर-दीडशे मीटर चढायचे, वर ओक आणि चेस्टनटच्या रानातून चार-पाच किलोमीटर जायचे, पुन्हा सारे उतरून पूल ओलांडायचा आणि पुन्हा तेवढेच चढायचे, असा करवतीच्या दात्यांसारखा दिवस जातो. एकेक चढ पाहिला तर क्षुल्लक, पण पन्नास-साठ किलोमीटरांत त्यांची बेरीज सहज आठ-नऊशे मीटरवर जाते. म्हणून रोजचे अंतर किलोमीटरांत ठरवू नका, दिवसाची एकूण चढाई आधी पाहा. भरल्या बॅगांसह वहिनींसाठी दिवसाला पाचशे मीटर ही मर्यादा धरावी. मग अंतर कधी पंचेचाळीस निघेल, तर कधी पंचवीस. मिशेलिनचा कागदी नकाशा घेतलात तर त्यावर तीव्र चढांच्या जागी बाणासारख्या खुणा दिसतील. एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३ आणि तीन म्हणजे त्याहून अधिक. तीन खुणांचा रस्ता दिसला की दुसरा शोधावा, मग तो दहा किलोमीटर लांबचा असला तरी चालेल.

सायकलवरून देशाटन करण्याची जी फ्रेंच परंपरा आहे, तिचा मोठा प्रचारक पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा सेंत-एत्येनचा गृहस्थ ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखला जातो. दीर्घ प्रवासासाठी त्याने सात नियम घालून दिले होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे हे त्यांतले सर्वांना ठाऊक असलेले. प्रवासात मांस, मद्य आणि तंबाखू टाळावी, असाही एक नियम होता, कारण तो स्वतः शाकाहारी होता. आपल्याला मात्र मी शेवटचा नियम मुद्दाम सांगतो: केवळ स्वतःच्या अहंकारापोटी पॅडल मारू नये. याच वेलोसिओने गिअरच्या सायकलींचा हिरिरीने पुरस्कार केला, तर टूर द फ्रान्सचा संस्थापक आँरी देग्रांज याने, गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी असतात, अशी त्याची टर उडवली. टूरमध्ये डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअर यंत्रणेला, परवानगी मिळाली ती १९३७ साली. आपण चौपन्न वर्षांचे आहात, म्हणजे देग्रांजच्या हिशेबानेही आपल्याला पूर्ण मुभा आहे.

मार्ग साधारण असा ठेवावा. ब्रीवहून पहिल्या दिवशी फक्त कोलाँज-ला-रूजपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर. हे संपूर्ण गाव लाल वालुकाश्माचे आहे आणि ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर खेडी’ ही संघटना १९८२ मध्ये इथूनच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मार्तेलवरून सुयाक, म्हणजे दोर्दोन्यचा काठ. तिथून थोड्याच अंतरावर काझुलेस ते सार्ला या जुन्या रेल्वेमार्गाचा आता सायकलमार्ग झालेला आहे. रूळ गेले, पण रेल्वेने बांधलेली सौम्य चढण उरली. झाडांच्या सावलीतून जाणारा हा टप्पा वहिनींचा आत्मविश्वास वाढवील. सार्लात किमान दोन रात्री काढाव्यात, आणि त्यांतला एक दिवस बुधवार किंवा शनिवार असेल असे पाहावे, कारण त्या दिवशी सकाळी बाजार भरतो. मधल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून दॉम, ला रॉक-गाजाक आणि बेनाक अशी फेरी करावी. दॉम हे तेराव्या शतकात वसवलेले तटबंदीचे गाव नदीपासून सुमारे दीडशे मीटर उंचावर आहे. तिथे सायकल ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही, मीही ढकलली आहे. वर पोहोचल्यावर कठड्यापाशी उभे राहिले की खाली नदीचे वळण, अक्रोडांच्या रांगा आणि पलीकडच्या काठावरची काळपट हिरवी राने दिसतात. या भागाला ‘काळे पेरिगोर’ का म्हणतात, ते तिथे उभे राहिले की उमजते.

पुढे वेझेर नदीच्या खोऱ्यात दोन दिवस ठेवा. लेझेझी येथे १८६८ मध्ये क्रो-मान्यों या अश्मयुगीन मानवाचे सांगाडे सापडले. माँतिन्याकजवळची लास्कोची अश्मयुगीन चित्रांची गुहा १९४० मध्ये सापडली, पण माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांनी चित्रे खराब होऊ लागल्यामुळे १९६३ मध्ये ती बंद झाली. आज तिथे पाहायला मिळते ती तिची हुबेहूब प्रतिकृती. ती उत्तम आहे, तरीही मूळ रेषा पाहायच्या असतील तर पुढे लॉतच्या बाजूला काब्रेरे गावाजवळची पेश मेर्लची गुहा चुकवू नका. तिथल्या भिंतीवरचे ठिपक्यांचे घोडे पंचवीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते खरेखुरे, मूळचे आहेत. रोज मर्यादित लोकांनाच आत सोडतात, म्हणून वेळ आधी नक्की करावी. माँतिन्याकहून परत दोर्दोन्यकाठी येऊन मग रोकामादूर, तिथून ग्रामाचे कोरडे पठार, सेले नदीचे अरुंद खोरे, सँ-सिर्क-लापोपी आणि शेवटी काओर. एकूण अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास भरेल. त्यासाठी अकरा-बारा दिवस द्यावेत, त्यांत दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे. आपल्याला हे फारच कमी वाटेल. एखाद्या सकाळी वहिनी झोपलेल्या असताना एकट्याने चाळीस किलोमीटर फिरून या आणि येताना पाव घेऊन या, म्हणजे दोघांचेही समाधान होईल.

दिवाळीचा विचार मात्र सोडून द्यावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकाएकी आखडते. नोव्हेंबर लागला की कॅम्पिंगच्या जागा आणि कित्येक छोटी निवासस्थाने वसंतापर्यंत बंद होतात. त्यातच शिकारीचा हंगाम चालू असतो, विशेषतः रविवारी नारिंगी जाकिटातले बंदूकधारी रानाच्या कडेला उभे असतात. वहिनींना मे महिन्याची सुट्टी असतेच. मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले दोन आठवडे ही माझ्या मते सर्वोत्तम वेळ. तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, सकाळी दहा-बारा अंशांचा गारवा असतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून आलेली नसते. मे-जूनमध्ये सार्वजनिक सुट्ट्या अनेक येतात, त्या दिवसांच्या खोल्या मात्र लवकर ठरवून टाका.

ज्या गोष्टीची आपल्याकडच्या लोकांना कल्पनाच येत नाही, ती म्हणजे तिथल्या खेड्यांचे घड्याळ. आपल्याकडे महामार्गावर रात्री दोन वाजताही चहा मिळतो. तिथे दुपारी बारा ते दोन गाव मिटलेले असते, रविवारी दुपारनंतर पुन्हा मिटते आणि सोमवारी बऱ्याच ठिकाणी उघडतच नाही. माझ्या पहिल्या सहलीत एका सोमवारी मी बारा वाजून वीस मिनिटांनी एका गावात पोहोचलो. बेकरीच्या काचेवर वेळापत्रकाची चिठ्ठी होती, आत रिकाम्या टोपल्या दिसत होत्या, चौकात एक मांजर ऊन खात बसले होते, आणि पुढचे मोठे गाव अठरा किलोमीटरांवर होते. त्या दिवशी मी लोणावळ्याच्या चिक्कीच्या दोन वड्यांवर निभावले. तेव्हापासून नियम केला की सकाळी निघतानाच दुपारचे जेवण बॅगेत असले पाहिजे: पाव, चीज, टोमॅटो, केळी आणि अक्रोड. उपाहारगृहात बसायचे असेल तर बारा ते दीडच्या दरम्यान. रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही. आणि कोणत्याही दुकानात शिरताना काही मागण्याआधी ‘बाँजूर’ म्हणायचे. हा शब्द न उच्चारता थेट वस्तूकडे बोट दाखवले की समोरच्या बाई एकदम कोरड्या होतात. म्हटला, की त्याच बाई मोडक्या फ्रेंचमधली आपली सारी कहाणी ऐकून घेतात.

पाण्यासाठी एक जुनी युक्ती आहे. खेड्यातली दुकाने बंद असली तरी दफनभूमी उघडी असते, आणि तिच्या फाटकापाशी फुलझाडांना पाणी घालण्यासाठी बहुधा एक नळ असतो. सायकलवाले सर्रास तिथेच बाटल्या भरतात. फक्त ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याजोगे नाही, असे समजावे. बाटली भरून झाली की फाटक पुन्हा नीट लावून घ्यावे.

शाकाहाराचे म्हणाल, तर हा सारा प्रदेश बदकाचा आहे, हे आधी मनाशी स्वीकारा. मांस तर आहेच, पण चरबीही तेलाच्या जागी वापरतात. सार्लाचे प्रसिद्ध लसूण घातलेले परतलेले बटाटे ताटात पाहून माझ्या एका कट्टर शाकाहारी मित्राला मोठा आनंद झाला होता. दोन घास पोटात गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी कौतुकाने सांगितले, की याची चव येते ती बदकाच्या चरबीमुळे. लसणाच्या सारातही तीच असू शकते, आणि सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे न सांगता येतात. ‘व्हेजेतारियाँ’ एवढाच शब्द पुरत नाही, कारण काही जण त्यावर मासे आणून ठेवतात. ‘नी व्यांद, नी प्वासाँ, नी लार्दाँ, नी ग्रेस द कानार’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, ते तुकडे नकोत आणि बदकाची चरबीही नको, असे कागदावर लिहून नेलेले बरे. खाण्याजोगेही खूप आहे. रोकामादूरचे छोटे, चपटे बकरीच्या दुधाचे चीज गरम पावावर ठेवून देतात, ते मधाबरोबर अप्रतिम लागते. अक्रोडाचा केक आहे, जूनमधल्या चेरी आणि स्ट्रॉबेरी आहेत. अंडे चालत असेल तर ऑम्लेट जवळपास कुठेही मिळते. मात्र पारंपरिक फ्रेंच चीज बहुधा वासराच्या जठरातल्या विरजणाने लावलेले असते. आपल्या शाकाहाराची रेघ कुठे आहे, ते आपणच ठरवावे.

म्हणून मुक्कामाच्या निम्म्या जागा स्वयंपाकघर असलेल्या निवडाव्यात. ‘झीत’ नावाची घरगुती निवासस्थाने त्यासाठी चांगली. मुगाची डाळ, हिंग, हळद आणि गोडा मसाला यांच्या छोट्या पुड्या पिशवीत असल्या, की दिवसभर चढ चढून आल्यावर खिचडीइतके सुख दुसरे नाही. तूप आणि पेढे मात्र नेऊ नका, कारण युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आत नेण्यास मनाई आहे.

वहिनींच्या भीतीला मी हसणार नाही, कारण आपल्या महामार्गांवर ती भीतीच माणसाला वाचवते. तिथल्या आडरस्त्यांवर परिस्थिती पुष्कळ सौम्य आहे. वस्तीबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणे मोटारचालकावर बंधनकारक आहे. माझा अनुभव असा, की खेड्यातले चालक वळण संपेपर्यंत गुमान मागे थांबतात आणि हॉर्नही वाजवत नाहीत. नदीकाठचा डी-७०३ हा रस्ता नकाशावर सपाट आणि मोहक दिसतो, पण पर्यटकांच्या गाड्या त्यावरूनच धावतात. तो शक्य तितका टाळून दक्षिण तीरावरचे, नकाशात पांढऱ्या रंगाने दाखवलेले बारीक रस्ते धरावेत. दोन धोके मात्र खरे आहेत. पहिला म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य देण्याचा नियम. खेड्यातल्या क्षुल्लक दिसणाऱ्या गल्लीतून उजव्या हाताने येणारी मोटार आपल्यासाठी थांबणार नाही, कारण वेगळी पाटी नसेल तर आधी जाण्याचा हक्क तिचा असतो. दुसरा धोका आपल्याच सवयीचा. गर्दीत सगळे उजवीकडून चालत असल्यामुळे आपणही तसेच चालतो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. जंगलात छायाचित्रासाठी थांबलो, पाणी प्यालो, आणि निघताना हात आपोआप सायकल डावीकडे वळवतात. मला हे समजले ते समोरून दुधाची गाडी आल्यावर. म्हणून हँडलवर उजव्या बाजूला एक रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्यांवर डांबर आणि बारीक खडी पसरतात. ‘ग्राव्हियाँ’ अशी पाटी दिसली की उतारावरचा वेग आधीच कमी करावा. रानात गवतात बसून जेवलात तर संध्याकाळी गुडघ्यांमागे आणि कमरेपाशी गोचीड आहे का ते पाहावे. ती काढण्याचा छोटा प्लास्टिकचा आकडा कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतो.

सायकलींबाबत आपल्या दोघांना मी वेगवेगळा सल्ला देतो. आपण आपली सायकल न्यावी, कारण इतक्या वर्षांच्या बसण्याची सवय भाड्याच्या सीटवर मोडते. फक्त मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, मोठी बसवून घ्या; तिचे सर्वांत मोठे चक्र निदान ३४ दात्यांचे असावे. पुढच्या लहान चक्रालाही तेवढेच दाते असले तर उत्तम. विमानात सायकल ज्यात बांधून नेली ते खोके सांभाळत बसू नका. परतीच्या आधी एखाद्या सायकलच्या दुकानात विनंती केली तर रिकामे खोके बहुधा मिळते. वहिनींसाठी ब्रीव परिसरातून इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घ्यावी. काओरला पोहोचल्यावर सुमारे शंभर किलोमीटर रेल्वेने परत ब्रीवला येऊन ती जमा करायची आणि त्याच मार्गाने पुढे पॅरिस गाठायचे. ‘इलेक्ट्रिक म्हणजे फसवणूक’ हे वाक्य आपण मनातही आणू नये. चढावर त्या पुढे जातील आणि आपण धापा टाकत मागून याल, एवढाच काय तो फरक पडेल.

व्हिसासाठी निवासाचे पुरावे आणि किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुक्काम ठरवताना रद्द करता येण्याजोग्या खोल्या घ्याव्यात, म्हणजे पाऊस लागल्यास एखादा टप्पा सोडता येईल.

वहिनींची सायकल भाड्याने घेताना एक गोष्ट दुकानातच तपासावी. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे तो डाव्या हाताला असतो. वहिनी उतारावर सवयीने डावा हात आवळतील, तर पुढचे चाक अडेल आणि त्या हँडलवरून फेकल्या जातील. दुकानदाराला सांगितले तर तो कधी कधी केबल बदलून देतो. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, असतील तर ते सहसा जमत नाही. मग सामान न लावता दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दहा-पंधरा मिनिटे नुसते थांबण्याचा सराव करावा, आणि तो झाल्यावरच बॅगा अडकवाव्यात.

आपला,
सदरलेखक